गणपतीचं डोकं आणि माझे अर्थ

फोन वाजतो, मी उचलते. "नमस्कार काकू, जरा गुरुजींना फोन देता का?"

"मीच बोलतेय."

पलीकडे तो माणूस फोनवर हात ठेवून बायकोला 'अगं, लेडीज आहेत' असं सांगत असतो, हे मला आता न बघता दिसतं. मग तो सावरतो आणि फारच अदबीने विचारतो, "म्हणजे... होम वगैरे पण तुम्हीच करता?"

होम वगैरे पण मीच करते. पुण्यात बायकांसाठीच्या पौरोहित्याच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा त्यामागे धर्मकार्याची ओढ वगैरे नव्हती. नवरा ऑफिसला गेल्यावर दुपारी मला झोप यायची आणि वजन वाढत चाललं होतं, एवढंच कारण. वजन वाढायचं थांबलं नाही, पण पूजा सांगता येऊ लागली. पुढे नवऱ्याच्या नोकरीने आम्हाला नॉर्थ कॅरोलायनात, मॉरिसव्हिलला आणून टाकलं आणि वर्गात शिकलेलं इथे चलनात आलं. मला 'गुरुजी' म्हणावं की 'काकू' या पेचात लोक बरीच वर्षं होते. शेवटी त्यांनी 'गुरुजीकाकू' असा मध्यम मार्ग काढला. मुलं तर 'जीकाकू' म्हणतात. तेही मी चालवून घेते.

या धंद्यात मंत्र हा सोपा भाग आहे. अवघड भाग म्हणजे छतावरचा स्मोक अलार्म. त्याला धूर आणि पुण्य यातला फरक कळत नाही. एका लग्नात हॉटेलवाल्यांनी होमाला परवानगी दिली होती, पण ते अलार्मला कुणी कळवलं नव्हतं. सप्तपदीच्या चौथ्या पावलाला हेल्मेट घातलेले अग्निशमन दलाचे तीन उंच पुरुष मांडवात आले. मी हात वर करून त्यांना थांबायची खूण केली आणि ते बिचारे उरलेली तीन पावलं होईपर्यंत थांबले. नंतर एकाने लाडू मागून घेतला. बाकीचा धंदा म्हणजे तडजोड. आंब्याची पानं फ्रीझरमधली. कलशातल्या नळाच्या पाण्याला गंगा, यमुना, गोदावरी म्हणायचं. संकल्पात 'मॉरिसव्हिलनामनगरे' इतक्या सराईतपणे म्हणायचं, की यजमानाला वाटावं हे गाव पुराणातच आहे.

हे सगळं लोकांनी आनंदाने सहन केलं. माझा खरा दोष वेगळाच. मला अर्थ सांगायचा आजार आहे.

माझं मत असं, की देवांच्या आणि जगाच्या उत्पत्तीच्या ज्या जुन्या कथा आहेत, तो इतिहास नव्हे. समुद्र खरोखर घुसळला नव्हता, मनूच्या ओंजळीतला मासा खरोखर समुद्राएवढा झाला नव्हता. ही रूपकं आहेत. समुद्र म्हणजे मन, मासा म्हणजे लहानपणी जपलेली सद्बुद्धी. आमच्या पुण्याच्या वर्गात बाईंनी या आशयाचं एक वाक्य कधीतरी जाता जाता म्हटलं होतं. त्या एका वाक्यावर मी उभी हयात काढली. पूजा झाली की आरतीच्या आधी मी अर्थ सांगायला बसते आणि स्वयंपाकघरातल्या बायका गॅस बंद करतात. त्यांना माहीत असतं, आता भात पुन्हा गरम करावा लागणार.

आजार कुठवर गेला होता त्याचा एक नमुना सांगते. एका घरी गणपती बसवायला गेले होते. मूर्ती भारतातून आणलेली, सुबक. यजमानीणबाईंनी विचारलं, "गुरुजीकाकू, उंदराला तीनच पाय का हो?" मी क्षणभरही न थांबता सांगितलं, की सत्त्व, रज आणि तम हे तीन गुण, आणि उंदीर म्हणजे या त्रिगुणांवर धावणारं चंचल चित्त. जमलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. एकाने तर फोनवर टिपून घेतलं. तेवढ्यात यजमान आतून सुटकेस घेऊन आले आणि म्हणाले, "अगं, सापडला बघ चौथा पाय. टॉवेलमध्ये होता."

मंगेशची ओळख झाली ती त्याच्या वास्तुशांतीला. मंगेश नागपूरचा, इथल्या एका औषध कंपनीत डेटाचं काम करणारा, गोल चेहऱ्याचा, मोठ्याने हसणारा. बायको श्रुती नाशिकची, एका शाळेच्या लायब्ररीत नोकरी करणारी. मुलगी इरा तेव्हा एवढीशी होती, होमाच्या धुराला घाबरून आईच्या ओढणीत शिरली होती.

पूजा आटोपली आणि मी गणपतीची जन्मकथा काढली. पार्वतीने आपल्या अंगाच्या मळाचा मुलगा केला, त्याला दाराशी राखणीला उभं केलं. शंकर आले, मुलाने आत सोडलं नाही, त्यांनी रागाने त्याचं डोकं उडवलं. पार्वतीने आकांत मांडला तेव्हा हत्तीचं डोकं आणून बसवलं. मग माझा अर्थ सुरू झाला. "डोकं म्हणजे अहंकार. मीपणाचं लहान डोकं गेलं आणि विवेकाचं मोठं..."

"काकू, एक मिनिट," मंगेश म्हणाला. "हे झालेलं आहे."

"काय झालेलं आहे?"

"ऑपरेशन. ट्रान्सप्लांट आहे ना तो, सिंपल! आपल्या लोकांजवळ टेक्नॉलॉजी होती. तुम्ही काय सांगून राहिल्या, अहंकार न् फिहंकार!"

दुसरी कुणी असती तर हसून आरतीचं तबक उचललं असतं. मी मांडी बदलून नीट बसले. हत्तीची मान आणि मुलाची मान यांच्या घेराचं काय, असं विचारलं. तो म्हणाला, ते लहान पिल्लू असेल. रक्तगटाचं काय, असं विचारलं. तो म्हणाला, तेव्हा औषधं होती, आता पोथ्या जळाल्या. सोवळं नेसून मी फोनवर हत्तीच्या पिल्लाच्या डोक्याचं वजन शोधत होते, हे मला आज लिहितानाही लाजिरवाणं वाटतं. श्रुती दोनदा येऊन आम्हाला बघून गेली आणि तिसऱ्यांदा न विचारताच पाहुण्यांना वाढायला लागली.

त्यानंतर दर गणपतीला त्याने मलाच बोलावलं आणि दर गणपतीला आम्ही भांडलो. माझ्या मते तो देवाला सर्जन करून ठेवणारा माणूस, त्याच्या मते मी देवाला खोटं पाडणारी बाई. पण खरं सांगायचं तर आम्हा दोघांनाही गोष्टीपेक्षा जिंकण्यात जास्त रस होता. लोक मुद्दाम आमचं भांडण ऐकायला यायचे.

मग एका वर्षी मी गेले, पूजा सांगितली, अहंकाराचा अर्थ जरा जास्तच रंगवून सांगितला आणि थांबले. मंगेश काही बोललाच नाही. पाटावर बसून नुसता मूर्तीकडे बघत राहिला. प्रसाद वाटायला घेतला तेव्हा श्रुतीने माझा हात धरला. "काकू, इराला केळ्याचा शिरा नको. खोबरंही नको." इराच्या किडन्या निकामी होत चालल्या होत्या. जन्मापासूनच त्या नीट वाढल्या नव्हत्या, आता हातपाय गाळत होत्या. नारळ, केळं, खजूर, पंचामृत, माझ्या धंद्यातलं निम्मं सामान त्या मुलीला वर्ज्य झालं होतं. मी शिऱ्याची वाटी परत ठेवली आणि इराच्या हातावर नुसतं फूल ठेवलं.

पुढचे काही महिने इराचं डायलिसिस चाललं. मग डॉक्टर म्हणाले, किडनी बदलायला हवी. तपासण्या झाल्या, मंगेशची किडनी जुळली. तारीख ठरली आणि एका दुपारी मला श्रुतीचा फोन आला.

"काकू, येऊन जाता का? इराला काहीतरी विचारायचंय. मंगेशला विचारलं तर तो म्हणाला, काकूंना विचार."

मंगेशने 'काकूंना विचार' म्हटलं, याचा मला, कबूल करते, आतून आनंद झाला. शेवटी माझं म्हणणं पटलं तर! मी रूपक वगैरे व्यवस्थित घोटत गाडी चालवत गेले. विषय आजारी मुलीचा आहे, याची जाणीव वाटेत मध्येमध्ये होत होती, नाही असं नाही.

इरा सोफ्यावर पांघरूण घेऊन बसली होती. चेहरा सुजलेला, मनगटं काडीसारखी. आठ वर्षांची, पण सहाची वाटावी. मी बसल्याबरोबर तिने टॅबलेट बाजूला ठेवला.

"जीकाकू, गणपतीला न्यू हेड लावलं ना?"

"हो."

"देन वॉज ही स्टिल द सेम बॉय? त्याच्या मम्मीला कसं कळलं की तो तोच आहे?"

हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. तिथे थांबायला हवं होतं. पण मी रस्ताभर घोटलेलं तयार होतं. मी म्हटलं, "बाळा, ही गोष्ट खरोखर घडलेली नाही. ती एक खूण आहे. डोकं म्हणजे अहंकार, म्हणजे ईगो..."

"म्हणजे झालंच नाही?"

"तसं नाही, पण इतिहासात जसं..."

"सो नोबडी फिक्स्ड हिम."

स्वयंपाकघराच्या दारात मंगेश उभा होता. त्याच्या हातात पाण्याचा ग्लास होता आणि तो पीत नव्हता. मी घाईघाईने सांगायला लागले, की मुख्य मुद्दा तो नाही, मुख्य मुद्दा असा की त्या मुलाचा गर्व होता तो गेला.

इराने भुवया जवळ आणल्या. "पण तो तर आईचं ऐकत होता. आई म्हणाली डोअरपाशी उभा राहा, तो उभा राहिला. ही वॉज बीइंग गुड." मग जरा थांबून म्हणाली, "मी पण सगळी औषधं घेते."

इतकी वर्षं ती गोष्ट सांगत होते. शेकडो घरांत सांगितली असेल. आणि त्या पोराची चूक काय होती, हे मी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. सांगितलं ते काम करणाऱ्या मुलाला मी घरोघरी गर्विष्ठ ठरवत हिंडत होते, कारण माझ्या अर्थात ते चपखल बसत होतं. आता समोर एक मुलगी बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं, सगळी कडू औषधं घेतली होती, आणि तरी तिला कापणार होते. आणि मी तिला सांगत होते, की गर्व असला की असं होतं.

"तुझं बरोबर आहे," मी म्हटलं. "त्याने काही वाईट केलं नव्हतं. माझा अर्थ चुकला."

"इट्स ओके," इरा म्हणाली. एवढ्या उदारपणे मला क्वचितच कुणी माफ केलं आहे.

"मग तूच सांग," मी विचारलं, "पार्वतीला कसं कळलं तो तोच आहे?"

तिने विचार केला. खरंच विचार केला, वर बघून. "तो उठला असेल आणि परत डोअरपाशी जाऊन उभा राहिला असेल. मग तिला कळलं."

मंगेश ग्लास घेऊन आत निघून गेला. आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ सुरूच राहिला.

ऑपरेशनच्या दिवशी मी श्रुतीबरोबर बसायला हॉस्पिटलात गेले. तिचा नवरा एका थिएटरात होता, मुलगी दुसऱ्या. वेटिंग रूमच्या भिंतीवर एक पडदा होता, त्यावर पेशंटचे नंबर आणि रंग बदलत होते. श्रुती आळीपाळीने दोन नंबर बघत होती. मी सवयीने पिशवीत फुलं आणि दूर्वा घेऊन गेले होते. काउंटरवरच्या बाईंनी गोड हसून सांगितलं, की या मजल्यावर ताजी फुलं, पानं, माती काही चालत नाही, ट्रान्सप्लांटच्या पेशंटला संसर्ग होतो. मग माझ्याकडे पूजेचं म्हणून काही उरलं नाही. मीच उरले.

"काकू, काहीतरी बोला ना," श्रुती म्हणाली. "कशाचा तरी अर्थ सांगा."

मला आजवर अशी विनंती कुणीही केली नव्हती. आणि नेमका त्याच वेळी माझ्याकडे अर्थ नव्हता. मी डोळे मिटले. म्हणायला अथर्वशीर्ष घेतलं, पण तोंडपाठ असलेलं तिसऱ्या ओळीला अडकलं. आणि मग मी, जन्मभर रूपकाचा झेंडा मिरवणारी बाई, त्या हत्तीच्या डोक्याच्या मुलाशी सरळ अरेतुरेत बोलायला लागले. म्हटलं, झालं होतं ना रे तुझं? खरंच झालं होतं ना? कापलं होतं आणि जोडलं होतं आणि तू उठला होतास. उठला होतास ना? मग हिलाही उठव. मला माझ्या विद्वत्तेची लाज वाटत नव्हती, कारण ती त्या खोलीत हजरच नव्हती.

दुपार कलायला आल्यावर एक सर्जनबाई टोपी काढत बाहेर आल्या. मंगेश ठीक होता. इराही ठीक होती. आणि हसून त्या म्हणाल्या, नवी किडनी जोडल्याबरोबर टेबलावरच कामाला लागली, लघवी सुरू झाली. श्रुती आधी हसली, मग खुर्चीवर बसून रडली. 'लघवी' या शब्दाला मी आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले. सर्जनबाईंना वाटलं मी नमस्कार केला, म्हणून त्यांनीही केला.

चारेक दिवसांनी भेटायला गेले, तेव्हा मंगेश कॉरिडॉरमध्ये चालत होता. पोटाशी उशी धरून, कमरेत वाकून, भिंतीच्या कडेकडेने. मी त्याच्या वेगाने चालू लागले, म्हणजे जवळजवळ उभीच राहिले.

"काकू, तुम्ही म्हणता तेच खरं," तो म्हणाला. "रूपकच असेल ते."

मला आनंद व्हायला हवा होता. "का रे? आता काय झालं?"

"सही करायच्या आधी त्या डॉक्टरने सगळं सांगितलं ना. काय काय होऊ शकते ते. मी ऐकून राहिलो होतो आणि डोक्यात एकच, की त्या गोष्टीत बापानेच पोराला मारलं. बापानं, काकू. मी इतकी वर्षं टेक्नॉलॉजी-टेक्नॉलॉजी करत होतो, ते मला दिसलंच नाही. हे खरंच झालं असेल तर..." त्याने मान हलवली. "नको. रूपकच बरं."

"नाही रे मंगेश," मी म्हटलं. "झालंही असेल."

तो थांबला. "तुम्ही? तुम्ही हे काय सांगून राहिल्या?"

"मलाही माहीत नाही."

तो हसायला लागला आणि लगेच उशी घट्ट दाबून कण्हला. "हसवू नका ना यार काकू, टाके दुखतात."

कुणी विचारलं तर आजही मी सांगते, की या कथा म्हणजे इतिहास नव्हे. मतात बदल नाही. फक्त आता अर्थ सांगायच्या आधी थांबते, समोर कोण बसलंय ते बघते, आणि पुष्कळदा सांगतच नाही. बायकांचा भात गरम राहतो. गणपतीच्या गोष्टीत त्या मुलाला मी पुन्हा कधी अहंकारी म्हटलं नाही. वेटिंग रूममध्ये मी कुणाशी बोलले, याचा उलगडा मात्र मला करता येत नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तू एखाद्या गोष्टीचा उलगडा करत नाहीयेस, हीच मोठी बातमी आहे."

त्या दिवशी आम्ही कॉरिडॉरमध्ये असे उभे असताना पलीकडच्या टोकाचं दार उघडलं आणि इरा बाहेर आली. तोंडावर मास्क, हातात सलाइनचा चाकांचा खांब, मागे नर्स, नर्सच्या मागे श्रुती. ती पहिल्यांदाच खोलीबाहेर चालत होती. बापाला वाकून चालताना बघून ती थबकली.

"बाबा, व्हाय आर यू वॉकिंग लाइक दॅट?"

"तुझ्यासारखाच चालून राहिलो."

इराने कॉरिडॉरच्या मधोमध, नर्सच्या टेबलाकडे बघितलं. ते दोघांपासून सारख्याच अंतरावर होतं. "रेस?" ती म्हणाली.

नर्स काहीतरी बोलणार होती, पण श्रुतीने तिच्या दंडावर हात ठेवला. दोघं निघाले. इकडून उशी आणि तिकडून खांब. मंगेश मुद्दाम हळू चालत होता असं मी म्हणणार नाही, त्याला खरंच जमत नव्हतं. इरा मध्ये एकदा थांबली, खांबाला धरून श्वास घेतला आणि पुन्हा निघाली. तिने टेबलाच्या कडेला बोट लावलं तेव्हा तो अजून चार पावलं मागे होता.

"जीकाकू," मास्कच्या आतून तिने मला विचारलं, "कोण जिंकलं?"

"तू," मी म्हटलं.